हात लावू नये अशी फाइल

फाइलच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट होती: ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे. हाताने बदल करू नये.’ अशा ४३ फाइली, सगळ्या सी ह्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या. माझ्याकडे आलेली तक्रार ऐकायला साधी होती. एक जुनं नियंत्रक यंत्र दीडेक महिना नीट चालतं, मग एके दिवशी गप्प होतं. बंद करून चालू केलं की पुन्हा दीड महिना निवांत. मूळ प्रोग्राम होता एका छोट्या भाषेत. कुणीतरी ती त्या कामापुरती बनवली होती आणि ती सीमध्ये उतरत असे, म्हणजे तिच्यातल्या प्रोग्रामचं सीमध्ये भाषांतर होत असे. बनवणारा कधीच निघून गेला होता, त्याचा कंपायलर (हे भाषांतर करणारा प्रोग्राम) ज्या मशीनवर चालायचा ते भंगारात गेलं होतं, आणि मूळ सोर्सची, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामची, जी प्रत सापडली ती दोन आवृत्त्या जुनी निघाली. हातात उरल्या त्या ह्या ४३ फाइली, आणि त्यांनाच हात लावायची मनाई.

‘दीड महिना’ हे शब्द कानावर पडले की ह्या धंद्यातल्या माणसाला ४९.७ हा आकडा आठवतो. ३२ बिटांच्या घरात मिलिसेकंद मोजत गेलं की ४९ दिवस १७ तासांनी घर भरतं आणि काटा परत शून्यावर येतो. त्या क्षणी ‘मुदत उलटली का?’ हा प्रश्न थेट ‘आताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का?’ अशा तुलनेने विचारला असेल, तर उत्तर चुकतं आणि यंत्र कधीच न येणाऱ्या वेळेची वाट बघत बसतं. रोगाचं निदान तासाभरात झालं. रोग नेमका कुठे आहे हे शोधायला नऊ दिवस गेले. कारण फाइलीत मुदत नावाचं काही नव्हतंच. होतं ते ‘टी_१८७३ हे टी_१८६६ पेक्षा मोठं किंवा समान असेल तर’. अशा तुलना साठ-सत्तर. कोणती वेळेची, कोणती दाबाची, कोणती नुसत्या फेऱ्या मोजणारी, काही कळायला मार्ग नाही. सगळी व्हेरिएबल्स, म्हणजे किमती ठेवायची घरं, ३२ बिटांची, सगळ्यांची नावं टी आणि एक आकडा. सोर्सच्या त्या जुन्या प्रतीत बघितलं तर वेळेसाठी चक्क वेगळा टाइप (किमतीचा प्रकार) होता, नावं स्वच्छ होती, कॉमेंट होत्या. भाषांतर करणाऱ्या कंपायलरने ते सगळं फेकून दिलं होतं. शेवटी चार ठिकाणी तुलनेच्या जागी वजाबाकी घातली आणि यंत्र सुटलं.

त्या नऊ दिवसांत मी त्या अनोळखी माणसाला सकाळी दुवा देत होतो आणि संध्याकाळी शिव्या. दुवा अशासाठी, की त्याची भाषा सीमध्ये उतरत होती. नुसती बायनरी, म्हणजे मशीनलाच कळणारे आकडे, हाती आली असती तर मी काम घेतलंच नसतं. शिव्या कशासाठी ते सांगायला नको.

नवी प्रोग्रॅमिंग भाषा थेट मशीन कोडमध्ये उतरवावी, एलएलव्हीएमसारख्या तयार पायावर (कंपायलर बांधायच्या सामायिक सामानावर) उभी करावी, की तिचं सीमध्ये भाषांतर करावं, ह्यावर भाषा बनवणारी मंडळी हिरिरीने भांडतात. भांडण बहुधा बनवणाऱ्याच्या सोयीचं असतं: काम किती वाचेल, वेग किती मिळेल, डीबगर चालेल का. ज्याच्या गळ्यात तो प्रोग्राम पंधरा वर्षांनी पडणार असतो, तो त्या भांडणात हजरच नसतो. मला त्याच्या बाजूने बोलायचं आहे. आधुनिक भाषेने सीमध्ये उतरावं, आणि उतरताना माणसाला वाचता येईल, दुरुस्त करता येईल असं सी लिहावं, असं माझं मत आहे. ही दुसरी अट सोडली तर पहिलीचा निम्मा फायदा वाया जातो. पाळायची म्हटली तर भाषेच्या रचनेतच काही गोष्टींवर पाणी सोडावं लागतं, आणि ते सोडावं असं मला वाटतं.

नेहमीचे फायदे मी झटपट उरकतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत. जीसीसी, सीचा मोफत कंपायलर, १९८७ पासून आहे. तिच्यात ओतलेली ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करायची, अक्कल फुकट मिळते. कुठलीही चिप घ्या, तिचा उत्पादक दुसरं काही देवो न देवो, सी कंपायलर देतो. पण प्रामाणिकपणे बोलायचं तर ह्या दोन्ही मुद्द्यांत पूर्वीचा दम राहिलेला नाही. इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या आणि २००३ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेल्या एलएलव्हीएमने ती अक्कल आणि चिपांची ती यादी सगळ्यांसाठी खुली केली. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया ह्या भाषा तिच्यावरच उभ्या आहेत. केवळ वेग आणि पोर्टेबिलिटी ह्यासाठी आज सीकडे जायची सक्ती कुणावर नाही.

मग सी कशाला? टिकतं म्हणून. एलएलव्हीएमची मधली भाषा ही कंपायलरांची आपापसातली बोली आहे, आणि बोली बदलत राहते. काही वर्षांपूर्वी तिच्यातून पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) कशाकडे बोट दाखवतो ही माहितीच काढून टाकली गेली. २०२२ साली आलेल्या १५व्या आवृत्तीपासून नवी पद्धत मूळ धरून बसली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक भाषेला आपलं घर आवरावं लागलं. त्यात गैर काही नाही. अंतर्गत गोष्ट आहे, बदलणारच. उलट १९८९ च्या स्टँडर्डला, म्हणजे अधिकृत नियमावलीला, धरून लिहिलेलं सी आजच्या कंपायलरला दाखवा, किरकोळ कुरकुर करून ते घेतं. अगदीच जसंच्या तसं चालेल असं मात्र म्हणणार नाही. जीसीसीच्या १४व्या आवृत्तीने २०२४ मध्ये, आधी न सांगता फंक्शन वापरणं ही थेट चूक ठरवली आणि पुष्कळ जुन्या कोडची पंचाईत झाली. पण ती पंचाईत वाचून दुरुस्त करता येण्याजोगी होती, हा फरक लक्षात घ्या.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. निम ही सीमध्ये उतरणारी भाषा. तिने तयार केलेलं सी ज्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं त्याचं नाव निमकॅश. कॅश म्हणजे तात्पुरता साठा, कधीही उडवून टाकावी अशी गोष्ट. नावातच दृष्टी दिसते. पण निमचा कंपायलर स्वतः निममध्ये लिहिलेला आहे. मग ज्या मशीनवर निम अजून नाही तिथे तो पहिल्यांदा उभा राहतो कसा? त्यासाठी तयार सी फाइलींची वेगळी रिपॉझिटरी (कोडचं कोठार) जपून ठेवलेली आहे. ती सी कंपायलरला द्यायची, पहिला निम जन्माला येतो. लीन ह्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीचंही तसंच, पहिल्या पायरीचं सी थेट रिपॉझिटरीत ठेवलेलं. झिग ह्या भाषेने २०२२ च्या शेवटी आपला सी++ मधला जुना कंपायलर निरोप देऊन बाजूला केला तेव्हा बियाणं म्हणून एक वेबअसेंब्लीची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या एका रूपाची) फाइल ठेवली, आणि ती फाइल आधी सीमध्ये उतरवली जाते, मग पुढचं रामायण. व्हाला ह्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांच्या प्रकाशित गठ्ठ्यात तयार सी घालून देण्याची पद्धत होती, म्हणजे घेणाऱ्याकडे व्हालाचा कंपायलर नसला तरी अडायला नको.

म्हणजे स्वतःच्या जन्माचा प्रश्न आला की सगळ्या भाषांना सी जपून ठेवावंसं वाटतं. तो प्रश्न आपल्या भाषेत काम करणाऱ्याच्या प्रोग्रामच्या आयुष्याचा असला की तेच सी कॅश होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार मला कधी कळला नाही. सीमध्ये उतरता ना? मग ते नीट दाखवा तरी.

लपवण्यामागे थोडी लाजही आहे, आणि ती फार जुनी. बियार्ने स्ट्रॉस्ट्रप ह्यांचा सीफ्रंट, म्हणजे सी++ चा पहिला कंपायलर, १९८५ साली बाजारात आला, आणि तो सी तयार करत असे. लोक त्याला ‘प्रीप्रोसेसर’, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुराची नुसती अदलाबदल करणारं साधन, म्हणून हिणवत. स्ट्रॉस्ट्रपना ते झोंबे. त्यांचं म्हणणं रास्त होतं: सीफ्रंट पूर्ण व्याकरण तपासतो, सगळे टाइप तपासतो, त्याच्यातून पार पडलेल्या कोडवर खालच्या सी कंपायलरने कुरकुर केली तर ती सीफ्रंटमधली चूक समजावी. हा दंडक आजही प्रत्येक नव्या भाषेने भिंतीवर लावावा असा आहे. वापरणाऱ्याला स्वतःच्या भाषेतली चूक सीच्या भाषेत ऐकवणं म्हणजे पाहुण्याला दारातून थेट माळ्यावर नेण्यासारखं.

पण सीफ्रंटचा शेवट त्याहून शिकवणारा आहे. सी++ मध्ये एक्सेप्शन आली. कुठल्याही फंक्शनमधून मधूनच उडी मारून चार मजले वर जायचं, आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक खोलीतला पसारा आवरायचा, ही गोष्ट सीमध्ये सांगणं महाकठीण. सीफ्रंटच्या चौथ्या आवृत्तीत तो प्रयत्न झाला, फसला, आणि १९९३ च्या सुमारास सीफ्रंटच सोडून देण्यात आला. सीला धरून राहायचं तर त्याच्या पोटात न मावणारी गोष्ट भाषेत आणू नये, आणायचीच असेल तर सी सोडावं. दोन्ही मार्ग इभ्रतीचे आहेत. तिसरा मार्ग काय होतो ते हॅस्केल ह्या भाषेच्या जीएचसी कंपायलरने दाखवलं. हॅस्केलचा चालण्याचा ढंगच निराळा. सीच्या फंक्शन-कॉलच्या साच्यात तो बसेना. मग जीएचसी सी तयार करी, जीसीसी त्याचं असेंब्ली (मशीनच्या अगदी जवळची भाषा) करी, आणि त्या असेंब्लीवर एक पर्लची स्क्रिप्ट कात्री चालवून जीसीसीने भक्तिभावाने घातलेल्या फंक्शनच्या सुरुवाती-शेवटच्या ओळी छाटून टाकी. बनवणाऱ्यांनीच तिचं नाव ठेवलं होतं ‘ईव्हिल मँगलर’. जीसीसीची आवृत्ती बदलली की कात्री चुकीच्या जागी चाले. अखेर २०१० च्या सुमारास नेहमीच्या वापरातून ती वाट बंद झाली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

चिकन ह्या स्कीम भाषेच्या कंपायलरची युक्ती मला ह्या सगळ्यांत विलक्षण वाटते, म्हणून ती सांगितल्यावाचून राहवत नाही. स्कीममध्ये फंक्शनच्या शेवटी दुसऱ्याला हाक मारली तर स्टॅक (अशा हाकांचा हिशेब ठेवणारा मेमरीचा भाग) वाढता कामा नये. सी ह्याची हमी देत नाही. हेन्री बेकर ह्यांनी नव्वदच्या दशकात सुचवलं, वाढू दे की! फंक्शननी कधी परत यायचंच नाही, नुसती पुढे हाक मारत राहायची. स्टॅक भरला की त्यातल्या जिवंत वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायच्या आणि एका उडीत स्टॅकच्या तळाशी परत यायचं. स्टॅक हाच मेमरीचा ताजा साठा, आणि तोच कचरा गोळा करायची जागा. बुद्धीला सलाम. पण असं सी पंधरा वर्षांनी कुणाच्या हातात पडलं तर तो माणूस काय वाचणार? इथे सी हे निव्वळ पोर्टेबल असेंब्ली आहे, आणि तसं वापरण्याचा हक्क चिकनच्या लोकांना आहेच. माझा आग्रह अशा भाषांसाठी नाही. यंत्रं, प्रोटोकॉल, फाइलींचे फॉरमॅट, हिशेब अशा दीर्घायुषी कामांसाठी ज्या भाषा निघतात त्यांच्यासाठी आहे.

आता सीच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, ज्याला टाळून पुढे जाता येत नाही: अनडिफाइन्ड बिहेविअर. सीच्या स्टँडर्डमध्ये काही गोष्टी अशा आहेत, की त्या केल्या तर काय होईल ह्याबद्दल स्टँडर्ड काहीच बोलत नाही. चिन्हांकित पूर्णांक घराबाहेर ओसंडला तर? बोलणं बंद. कंपायलर ह्याचा अर्थ असा लावतो, की त्याअर्थी ते कधी होणारच नाही. म्हणून ‘अ + १ > अ’ अशी तपासणी लिहिलीत तर तो ती वाचतो, हसतो, आणि ‘हे तर नेहमीच खरं’ म्हणून काढून टाकतो. ओसंडणं पकडायला घातलेली जाळीच गायब. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये हेच झालं. कोडने आधी पॉइंटरमधून किंमत वाचली, मग पॉइंटर नल (कुठेच बोट न दाखवणारा) आहे का हे तपासलं. क्रम चुकला होता हे खरंच. पण जीसीसीने तर्क केला, की ज्याअर्थी वाचलं त्याअर्थी नल नव्हता, मग तपासणी कशाला? तपासणी उडाली, आणि चुकीच्या क्रमाचं थेट सुरक्षेतल्या भगदाडात रूपांतर झालं. तेव्हापासून कर्नल ही हुशारी बंद करणारा पर्याय देऊनच कंपाइल होतो.

नव्या भाषेच्या दृष्टीने ह्याचा अर्थ भयंकर आहे. तुमची भाषा म्हणते, बेरीज ओसंडली तर प्रोग्राम स्वच्छ थांबेल. तुम्ही ती साध्या अधिक चिन्हाने सीमध्ये उतरवलीत की तुमचं वचन तुम्ही न लिहिलेल्या करारातल्या बारीक अक्षरांत हरवतं. माणूस सी लिहितो तेव्हा चुकून एखाद्या वेळी ह्या खड्ड्यात पडतो. कंपायलर सी लिहितो तेव्हा तोच खड्डा हजारो जागी खणून ठेवतो.

म्हणून सीमध्ये उतरणाऱ्या भाषेने अख्खं सी वापरू नये, त्यातलं एक लहान, सोवळं सी निवडावं. बेरीज उघड्यावर न करता, ओसंडलं की सांगणाऱ्या सोयीतून करावी. जीसीसी आणि क्लँग ह्या कंपायलरांत ती अनेक वर्षं आहे आणि सी२३ ह्या नव्या स्टँडर्डने ती अधिकृत केली. एका ओळीत एकच परिणाम घडवावा, कारण फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे सी सांगत नाही आणि तुमची भाषा बहुधा सांगते. मेमरीच्या एकाच तुकड्याकडे दोन टाइपांच्या चष्म्यांतून बघायची वेळ आली तर बाइट उचलून दुसरीकडे ठेवावेत, पॉइंटरची वेषांतरं करू नयेत. कंपायलरला पर्याय देऊन ह्यातल्या काही हुशाऱ्या बंद करता येतात, पण माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. पर्याय बिल्ड-फाइलीत राहतात आणि बिल्ड-फाइल हीच वारशात सगळ्यात आधी हरवणारी वस्तू. सुरक्षितता सीच्या ओळीतच लिहिलेली असावी.

‘ह्यापेक्षा सी टाळलेलं बरं’ असं म्हणणाऱ्यांनी रस्टचा अनुभव बघावा. रस्ट सीमध्ये उतरत नाही. तरीही काहीच न करता अखंड फिरणारं लूप रस्टमध्ये लिहिलं तर ते कधी कधी अदृश्य होत असे आणि प्रोग्राम भलतीकडेच जाई. कारण सी++ च्या तेव्हाच्या नियमांत अशी लूप्स कधीतरी संपणारच असं गृहीत धरायची मुभा होती, आणि ते गृहीत एलएलव्हीएमच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. रस्टच्या नियमांत अखंड लूप पूर्ण कायदेशीर. ही तक्रार २०१५ पासून कित्येक वर्षं उघडी होती. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत ही हमी रस्ट सढळ हाताने देऊ शकतो. तीही एलएलव्हीएममधल्या बगमुळे पुनःपुन्हा बंद करावी लागली, कारण सीमध्ये ती इतकी क्वचित वापरली जाते की ती वाट कुणी तुडवलेलीच नव्हती. सीकडे पाठ फिरवली तरी सीसाठी बांधलेल्या घरातच राहायचं असतं. मग समोरून ओळख असलेली काय वाईट?

आता वाचण्याजोगं सी म्हणजे नेमकं काय? त्या ४३ फाइलींच्या बाबतीत मला काय हवं होतं ते आठवतो. मला नावं हवी होती. ‘पंप_मुदत’ असं व्हेरिएबल मूळ भाषेत असेल तर सीमध्येही ते पंप_मुदतच असावं; कंपायलरला लागणारी मधली व्हेरिएबल्स टी_ काहीही असोत, पण ती दोन-तीन ओळींत जन्मून मरावीत. मला टाइप हवे होते. वेळेचा टाइप एका सदस्याच्या स्ट्रक्टमध्ये (सीमधल्या नाव दिलेल्या पेटीत) गुंडाळला असता तर चालताना त्याची किंमत शून्य पडली असती, आणि साठ-सत्तर तुलनांतून वेळेच्या तुलना मला नावाने शोधता आल्या असत्या, नऊ दिवसांऐवजी एका दुपारीत. मला कॉमेंट हव्या होत्या. कंपायलर कॉमेंट पहिल्याच पायरीला फेकून देतात ह्यामागे सवयीपलीकडे कारण नाही. आणि मला स्थैर्य हवं होतं: मूळ प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तर सीमध्येही तेवढ्याच चार ओळी बदलाव्यात. वरच्या एका बदलाने खालचे सगळे आकडे सरकत असतील तर त्या सीची मागच्या आवृत्तीशी तुलना करण्यात काही हशील नाही. टी_१८७३ मधला १८७३ हा आकडा वाईट आहे तो ह्यामुळे. उद्या तो १८७४ होतो.

हे कल्पनेतलं नाही. एफ-स्टार ह्या भाषेत क्रिप्टोग्राफीचा कोड लिहून, तो बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करून, मग त्याचं सी काढायचं, असा एक मोठा प्रकल्प इन्रिया ही फ्रान्समधली संशोधन संस्था आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च ह्यांच्या लोकांनी केला. त्यातून निघालेल्या हॅकल-स्टार लायब्ररीचं सी २०१७ मध्ये फायरफॉक्सने घेतलं, आणि २०२३ च्या पायथन ३.१२ ने आपल्या हॅश फंक्शनांसाठी घेतलं. ह्या मंडळींनी आपल्या घरात एफ-स्टार आणलेली नाही. त्यांनी सी फाइली घेतल्या, इतर सी फाइलींसारख्या. गूगलमध्ये सुरू झालेली वफ्स ही भाषाही अशीच. तिच्यात ॲरेच्या (रांगेत ठेवलेल्या किमतींच्या) हद्दीबाहेर जाणं शक्यच नाही हे कंपाइल करतानाच पटवून द्यावं लागतं, आणि तिचं फळ एका सी फाइलीच्या रूपात मिळतं. क्रोममध्ये जीआयएफ चित्रं उलगडण्याचं काम ती करते. ह्या दोन्ही भाषा उद्या बंद पडल्या तर वापरणाऱ्यांचं रातोरात काही बिघडणार नाही. पुराव्याचं कवच गमावलं ह्याचं दुःख होईल, कोड गमावला ह्याचं नाही.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्हीत तथ्य आहे. पहिला: सी हा वारसा देण्याजोगा माल आहे का? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या सुरक्षिततेशी संबंधित असतात, आणि हे मुख्यतः सी आणि सी++ चं देणं. सुरक्षित भाषेतून निघालेल्या सीला मी हाताने एक ओळ जोडली की सगळी हमी त्या ओळीपाशी संपते. कबूल. माझ्या चार वजाबाक्यांना कुठलीच हमी नव्हती. पण दुसरा पर्याय यंत्र भंगारात काढण्याचा होता.

दुसरा आक्षेप जास्त मुरलेला आहे. विमानांच्या नियंत्रणात स्केडसारखी साधनं वर्षानुवर्षं सी तयार करतात. एअरबसच्या विमानांत असा कोड उडतो. तिथे विचार उलटा: तयार झालेलं सी कुणी तपासत बसू नये, तयार करणारं साधनच प्रमाणित करावं. साधनावर विश्वास ठेवला की प्रत्येक ओळ वाचायचे कष्ट वाचतात. मला हा विचार पटतो, जोवर त्या साधनामागे उभं राहणारं कुणी आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळत आहेत तोवर. बहुतेक नव्या भाषांच्या मागे दोन-तीन माणसं आणि त्यांचा उत्साह असतो. उत्साहाचं प्रमाणपत्र कोण देणार?

आणि भाषेच्या रचनेवर पडणारी किंमत? ती पडतेच. चूक ही एक्सेप्शनने न उडवता किंमत म्हणून परत द्यावी लागते. गो, रस्ट, झिग तिघींनी आपापल्या कारणांनी हेच केलं, त्यामुळे हा त्याग आता त्यागही वाटत नाही. जेनेरिक, म्हणजे कुठल्याही टाइपवर चालणाऱ्या, फंक्शनच्या प्रत्येक टाइपसाठी वेगळी प्रत निघते, सी फुगतं. नाव ‘यादी_तापमान_जोडा’ असं सरळ असेल तर मला ते फुगलेलं चालेल. कचरा आपोआप गोळा करणारी भाषा असेल तर खरी अडचण आहे, कारण सी आपल्या स्टॅकवर काय ठेवलंय ते सांगत नाही आणि ते कळवायच्या खटपटीत कोड गिचमिड होतो. थांबून-थांबून पुढे जाणाऱ्या फंक्शनांचं, ज्यांना असिंक म्हणतात त्यांचं, सीमध्ये स्टेट मशीन (अवस्थांची साखळी) होतं आणि ते वाचणं शिक्षा असते. अशी सोय भाषेत हवीच असेल तर ती वेगळ्या फाइलीत कोंडावी, बाकीचा कोड तिने नासवू नये. कंपाइल व्हायला दोनदा वेळ लागतो ही तक्रार मात्र मी फार मनावर घेत नाही.

हा प्रश्न भाषा बनवणाऱ्यांच्या आपसातला राहत नाही तो एका शब्दामुळे: सोर्स. जीपीएल ह्या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये सोर्स कोडची व्याख्या आहे, बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप. फार विचारपूर्वक केलेली व्याख्या. तिच्याप्रमाणे तयार झालेलं सी हे सोर्स नव्हे. मूळ भाषेतला प्रोग्राम हा सोर्स. पण पसंती कुणाची आणि कधीची? लिहिणाऱ्याची, लिहिण्याच्या दिवशीची. भाषा मेली की ते पसंतीचं रूप कुणालाच उपयोगाचं राहत नाही, आणि ज्याला सोर्स म्हणायची कायद्याची तयारी नाही ते सी तेवढं हाती उरतं. करार करून सॉफ्टवेअर बनवून घेणारी कुठलीही संस्था ‘सोर्स द्या’ एवढं लिहून निर्धास्त होते. रूढ भाषांच्या बाबतीत ते पुरतं. नव्या भाषेत लिहून घेताना करारात आणखी एक ओळ घालावी: मूळ प्रोग्राम तर द्याच, शिवाय त्यातून निघालेलं सी द्या, आणि भाषेच्या कंपायलरला हात न लावता, त्या सीपासून प्रोग्राम उभा करून दाखवा. ते सी वाचता येतं की नाही हे ठरवायला तिऱ्हाइताला एक लहानसा बदल करायला सांगावा. भाषा नवी असल्याची तक्रार मग कुणाला राहायचं कारण नाही.

नवी भाषा बनवणाऱ्यांना हे जाचक वाटेल. उलट आपली भाषा निवडणं धोक्याचं नाही हे सांगायला ह्याहून चांगला मुद्दा त्यांना मिळणार नाही. ‘आम्ही टिकू’ असं प्रत्येक जण सांगतो. ‘आम्ही टिकलो नाही तर तुमच्या हाती हे असेल’ म्हणून वाचता येणारी फाइल पुढे करणारा अजून माझ्या तरी समोर आलेला नाही.

त्या यंत्राचं पुढे काही झालं नाही. पन्नासावा दिवस गेला, साठावा गेला, मग आम्ही मोजायचं सोडलं. काम हातावेगळं करताना मी त्या चार फाइलींतली पहिली ओळ खोडली. तिच्या जागी तारीख घातली, ‘टी_१८७३ म्हणजे पंप बंद करायची मुदत, मिलिसेकंदांत’ असं लिहिलं, आणि उरलेल्या ३९ फाइलींतल्या जेवढ्या व्हेरिएबल्सचा अर्थ नऊ दिवसांत लागला होता तेवढ्यांचे अर्थही त्याखाली उतरवून ठेवले. दीडशेच्या आसपास भरले.